कूलंटचा पाइप गळतोय? आधी जागा शोधा, मग पाना हातात घ्या

मे महिना लागला की पसरणी घाटात बॉनेट वर करून उभ्या असलेल्या गाड्या दिसायला लागतात. आत पाच माणसं, डिकीत सामान, एसी फुल्ल, आणि वाई सोडल्यापासून पाचगणीपर्यंत बारा-तेरा किलोमीटर नुसता चढ. हायवेला गुपचूप पाझरणारा कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा, पाइप इथं येऊन तोंड उघडतो. माझं गॅरेज घाटाच्या पायथ्याशी आहे, त्यामुळं टोचन करून आणलेली गाडी बऱ्याचदा माझ्याच दारात येते. मालक खाली उतरला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "अहो, बाटलीत तर कूलंट आहे!"

असतंच. का असतं ते पुढं सांगतो.

पाइप बदलणं हे काम घरी, सुट्टीच्या दिवशी सकाळी, कुणालाही जमण्यासारखं आहे. मी इथं सांगतोय ते अल्टो, जुनी वॅगन आर, सॅन्ट्रो असल्या छोट्या पेट्रोल गाड्या डोळ्यांसमोर ठेवून, म्हणजे ज्यांची दाबाची कॅप रेडिएटरवर (कूलंट गार करणाऱ्या पुढच्या जाळीवर) असते आणि कूलंटची बाटली बाजूला वेगळी असते. बऱ्याच नव्या गाड्यांत ही कॅप बाटलीवरच येते, बाकी गणित तेच. डिझेल टर्बो गाडी असेल तर एवढंच लक्षात ठेवा, पुढं दिसणारे सगळेच जाड काळे पाइप पाण्याचे नसतात, त्यातले काही हवेचे असतात. पाण्याचा पाइप रेडिएटरपासून हाताने चाचपत इंजिनापर्यंत गेलात की कळतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी गरम असताना कॅपला हात लावायचा नाही. कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो. तो दाब आहे, बारमध्ये. या दाबामुळं निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी हे मिश्रण सव्वाशे डिग्रीच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. तुम्ही कॅप फिरवली की दाब गेला, आणि आत एकशे दहा डिग्रीवर शांत बसलेलं पाणी त्याच क्षणाला उकळून तुमच्या तोंडावर येतं. कापड धरून उघडली तरी येतं. तासभर थांबा. मग वरचा जाड पाइप फडक्याने दाबून बघा. टणक लागला तर आत अजून दाब आहे, मऊ दबला तर कॅप उघडायला हरकत नाही. गार व्हावी म्हणून इंजिनावर बाटलीतलं पाणी ओतणारे लोक मी रोज बघतो. तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागावर, गार पाणी पडलं की हेड वाकायला किंवा तडकायला वेळ लागत नाही. मग काहीशे रुपयांच्या पाइपाचं काम हेड उतरवून फेसिंग करण्यावर, म्हणजे ते घासून सपाट करण्यावर, जातं.

घाटातच फुटला तर

तापमानाचा काटा वर सरकायला लागला, वाफ अजून नाही, अशा वेळी एसी बंद करा, काचा खाली घ्या आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा पूर्ण वेगात लावा. मे महिन्यात हीटर म्हटल्यावर गाडीतली मंडळी शिव्या घालतील, घालू द्यात. हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या मागं बसवलेला छोटा रेडिएटरच, तो इंजिनाची उष्णता बाहेर काढतो. पण हीटर लावल्यावर गरम हवा यायच्या ऐवजी गार हवा आली, तर हीटरपर्यंत पाणी पोचतच नाहीये. तिथंच बाजूला घेऊन इंजिन बंद. अशा वेळी काट्यावर विश्वास ठेवू नका. सेन्सर पाण्यात बुडालेला असला तरच खरं सांगतो, पाणी संपून तो कोरडा पडला की काटा चक्क खाली येतो आणि माणूस म्हणतो, बरं झालं, गार झाली. काटा नसलेल्या गाडीत लाल दिव्याचीही तीच कथा.

गार झाल्यावर फट दिसली तर फडक्याने कोरडी पुसून स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉनची टेप ताणून गुंडाळा, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवून, फटीच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं पुढं जाईपर्यंत. ही टेप डॅशबोर्डच्या कप्प्यात कायम असावी. वायरिंगची काळी टेप चालत नाही, तिचा गोंद उष्णतेनं सुटतो. टेप नसेल तर पंक्चरवाल्याकडची सायकलची जुनी ट्यूब पट्ट्या कापून घट्ट ताणून बांधा, वरून तारेचे आवळे द्या. एम-सील लावून आणलेले पाइपही येतात. एम-सील रबराला धरत नाही, इंजिन थरथरलं की खपली होऊन पडतं. हळदीचंही तेच. रेडिएटरच्या जाळीत सुईएवढं भोक असेल तर हळद तात्पुरती बसते म्हणतात, पण फाटलेल्या पाइपाला ती काय करणार? वर हीटरच्या बारीक नळ्या तुंबतात, त्या वेगळ्या.

टेप लावल्यावर साधं पाणी भरा आणि कॅप पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, पूर्ण आवळू नका. म्हणजे आत दाब चढत नाही आणि टेपवर जोर येत नाही. दाब नाही म्हणजे पाणी लवकर उकळणार, हेही आलंच. तेव्हा पाचगणी जवळ दिसत असली तरी गाडी वळवा आणि वाईकडं उतरा, उताराला इंजिनाला कष्ट नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिन चालू ठेवून. इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये घाट उतरायची हुशारी करू नका, दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकचा पॅडल कडक होतो आणि मग पायात जोर पुरत नाही.

गळती कुठून

घरी आल्यावर खरं काम इथून सुरू होतं, आणि बहुतेक लोक चुकतात तेही इथंच. थेंब जिथं पडतो तिथं गळती नसते. पाणी पाइपावरून, ब्रॅकेटवरून, गिअरबॉक्सच्या पाठीवरून ओघळत सगळ्यात खालच्या टोकाला येतं आणि तिथून टपकतं. वरच्या पाइपाची गळती खालच्या पाइपावर दिसते, मग माणूस खालचा पाइप बदलतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आधी ते कूलंटच आहे ना ते बघा. एसीचं पाणी डाव्या बाजूला, पुढच्या सीटच्या खाली पडतं. रंग नाही, वास नाही, चिकट नाही. कूलंट हिरवं, लाल, निळं, गुलाबी कुठलंही असेल, पण बोटांत चोळलं की बुळबुळीत लागतं आणि गोडसर वास येतो. चाखून बघू नका, ते विष आहे. घरात कुत्रं-मांजर असेल तर सांडलेलं लगेच धुऊन टाका, गोड लागतं म्हणून ती चाटतात.

रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरा, सकाळी डाग कुठं पडलाय बघा. मग टॉर्च घेऊन त्या डागाच्या बरोबर वर, आणि तिथून अजून वर जात राहा. वाळलेलं कूलंट पांढरट-हिरवट खपली सोडतं. ही खपली जिथं सुरू होते ती जागा. तरी सापडली नाही तर संशयित भाग कोरडा पुसा, त्यावर अंगाला लावायची टाल्कम पावडर भुरभुरा आणि गाडी दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवून बघा. ओल आली की पावडरीत रेघ उमटते. या वेळी हात, बाही, ओढणी पंख्यापासून आणि पट्ट्यापासून लांब ठेवा.

आता बाटलीचं कोडं. गाडी गरम झाली की कूलंट फुगतं, कॅपचा वॉल्व्ह उघडतो आणि जास्तीचं बाटलीत जातं. गार होताना रेडिएटरमध्ये पोकळी तयार होते आणि तेच कूलंट बाटलीतून परत ओढलं जातं. पण पाइपाला फट असेल तर पोकळी भरायला बाटलीपर्यंत कशाला जायचं? फटीतून हवा शिरते. मग बाटली मॅक्सच्या खुणेला आणि रेडिएटर अर्धा रिकामा. म्हणून जुन्या पद्धतीच्या गाडीत फक्त बाटली बघून समाधान मानायचं नाही. आठवड्यातून एकदा, सकाळी गार गाडीत, कॅप उघडून तोंडापर्यंत कूलंट आहे का ते बघायचं.

माझ्या अनुभवात गळतीचं पहिलं ठिकाण पाइप नसतोच, क्लिप असते. पेचाची क्लिप असेल तर स्क्रू ड्रायव्हरने पाव-अर्धा फेरा आवळून बघा. नुसतं तेवढ्याने थांबलं तर पाइप विकत आणायची गरज नाही. गाडी गार असताना गळते आणि गरम झाल्यावर थांबते असं झालं, तर क्लिपकडंच बोट दाखवा. रबर आकसतं, पकड सुटते.

क्लिप ठीक असेल तर पाइप दाबून बघा. मध्यभागी एकदा, मग दोन्ही टोकांना क्लिपच्या लगत. चांगला पाइप सगळीकडं सारखा लवचिक लागतो. टोकाला पिचपिचीत आणि मध्ये घट्ट, किंवा दाबल्यावर कुरकुर असा बारीक आवाज, म्हणजे तो आतून चिरत आलाय. हे बाहेरून दिसत नाही. पाइप काळा, तुकतुकीत, नवा वाटतो. काढून टोकाच्या आत टॉर्च मारली की लांबीला गेलेल्या चिरा दिसतात आणि आतला दोऱ्याचा थर उघडा पडलेला असतो. फुगवटा असेल तर विचारूच नका, बदला. आणि पाइप तेलाने माखून मऊ झाला असेल तर आधी तेल कुठून येतंय ते बंद करा, बहुतेक वेळा टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, गॅस्केट (सील) असतं. कूलंटच्या पाइपाचं रबर पाण्याला आणि उष्णतेला दाद देत नाही, पण तेलात फुगतं. नवा पाइपही त्याच वाटेनं जाईल.

एक पाइप नेहमी विसरला जातो. इंजिनाच्या मागं, वॉटर पंपाच्या किंवा थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावर कूलंटला वाट उघडणाऱ्या झडपेच्या) आसपास बोटाएवढा आखूड बायपासचा पाइप असतो. तो फुटला की पाणी अशा जागी पडतं की भलेभले पंप गेला म्हणून सांगतात. तिथं आरसा धरून बघा. आणि पुढच्या सीटपुढचा गालिचा ओला, काचेवर चिकट धुकं, गाडीत गोड वास, असं असेल तर हीटरची आतली जाळी गळतेय. ते डॅशबोर्ड खोलायचं काम, या लेखाबाहेरचं.

बदलायचा कसा

दुकानात जुना पाइप हातात घेऊन जा. मॉडेल, साल, इंजिन सांगूनही नगाला नग लावून बघा. हे पाइप साच्यात वळवलेले असतात. दुकानदार "हा सरळ घ्या, वाकवला की बसतो" म्हणाला तर दुसरं दुकान गाठा. सरळ पाइप वाकवला की कोपऱ्यात चिमटतो आणि पाणी अडतं. वरचा पाइप गेला असेल तर खालचाही त्याच वयाचा आहे, दोन्ही आणा. क्लिपाही नव्या. कंपनीच्या स्प्रिंगच्या क्लिपा मात्र गंजलेल्या नसतील तर फेकू नका. रबर दबत जाईल तशी ती क्लिप आपोआप आवळत राहते, पेचाच्या क्लिपेला ते जमत नाही.

गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून, चाकाला दगड. दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचं मायनसचं टर्मिनल काढा, कारण काही गाड्यांत चावी काढल्यावरही रेडिएटरचा पंखा अचानक फिरतो. खाली पसरट घमेलं ठेवा. रेडिएटरच्या तळाला कूलंट सोडायचा प्लॅस्टिकचा बोल्ट असतो. जुन्या गाडीत तो ठिसूळ झालेला असतो, पटकन तुटतो. जोर लावावा लागतोय असं वाटलं तर त्याला सोडून द्या आणि खालच्या पाइपाचं टोक सोडवून कूलंट काढा. फक्त वरचा पाइप बदलायचा असेल तर लिटर-दीड लिटर काढलं तरी पातळी तोटीच्या (पाइप ज्या नळीवर चढतो तिच्या) खाली जाते.

क्लिप ढिली करून पाइपावर मागं सरकवा. स्प्रिंगची क्लिप पकडीने दोन्ही कान दाबून. तोंड दुसरीकडं ठेवा, ती निसटून उडते. आता पाइप ओढायचा नाही, पिळायचा. मुठीत धरून डावीकडं-उजवीकडं फिरवत राहा, एकदा जागा सोडली की मग ओढा. वर्षानुवर्षं चिकटलेला पाइप हलत नसेल तर कटरने टोकावर लांबीला चीर द्या आणि सालीसारखा सोलून काढा. नाहीतरी तो टाकायचाच आहे. कटर हलक्या हाताने, खालच्या तोटीवर ओरखडा उठता कामा नये. आणि पाइपात स्क्रू ड्रायव्हर खुपसून तरफ करायची नाही. हल्लीच्या रेडिएटरच्या दोन्ही बाजूच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात. तोटी तुटली की पाइप राहतो बाजूला आणि रेडिएटर घ्यावा लागतो.

तोटी साफ करण्यात घाई नको, नवा पाइप टिकणार का ते इथंच ठरतं. जुन्या रबराचे कण आणि पांढरी खपली पूर्ण निघाली पाहिजे. इंजिनाकडची तोटी ॲल्युमिनियमची असेल तर बारीक पॉलिश पेपर तोटीभोवती गोल फिरवा. लांबीला घासलं तर ज्या रेघा पडतात त्यातूनच पुढं पाणी वाट काढतं. प्लॅस्टिकच्या तोटीला पेपर नको, भांडी घासायची हिरवी घासणी आणि पाणी पुरे. बोट फिरवून बघा, खड्डे लागले तर ती तोटीच बदलायची. सिलिकॉनचं सीलंट थापून नवा पाइप चढवला की पुढच्या वेळी काढणाऱ्याचा जीव जातो.

नवी क्लिप आधी पाइपावर चढवून घ्या. ही गोष्ट विसरून पाइप बसवलेला माणूस मी दर महिन्याला बघतो. पाइप चढायला जड जात असेल तर आतून थोडं कूलंट चोळा. ग्रीस नको, ऑईल नको, कारण वर सांगितलंच. पाइपावर पांढरी खूण असेल तर ती रेडिएटरच्या खुणेशी जुळवा, नाहीतर पाइपाला पीळ राहतो. तोटीच्या तोंडाशी एक उंचवटा असतो. पाइप त्याच्यावरून पुढं, तोटीच्या मुळापर्यंत गेला पाहिजे, आणि क्लिप त्या उंचवट्याच्या मागं, पाइपाच्या टोकापासून थोडी आत बसली पाहिजे. उंचवट्यावर बसलेली क्लिप कितीही आवळा, दाब आला की पाइप घसरून निघतो. क्लिपेचा पेच वर किंवा बाजूला, स्क्रू ड्रायव्हर पोचेल असा. आवळताना रबर क्लिपेच्या खाचांतून वर यायला लागलं की थांबा. त्यापुढं तुम्ही पाइप कापताय.

पाइप पंख्याला, पट्ट्याला किंवा एक्झॉस्टला टेकत नाही ना, एकदा नजर टाका.

कूलंट आणि हवा

कूलंट तयार मिश्रणाचं आहे की पाणी घालायचं आहे, ते डब्यावर वाचा. पाणी घालायचं असेल तर निम्म्याला निम्मं, आणि पाणी बॅटरीत घालतात ते. बोअरच्या पाण्यातला क्षार रेडिएटरच्या नळ्यांत जमतो. रंग सारखा म्हणजे कूलंट सारखं असं नसतं, तुमच्या गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच घ्या. आधीचं कुठलं होतं ते माहीतच नसेल, किंवा घाटात नळाचं पाणी भरलं असेल, तर सगळं काढून बॅटरीच्या पाण्याने एकदा धुऊन नवं भरा.

बॅटरी जोडा. कॅप उघडी, हीटर पूर्ण गरमवर. सावकाश ओतत तोंडापर्यंत भरा आणि वरचा पाइप हाताने दाबत राहा, गुडगुड करत बुडबुडे येतील. मग इंजिन नुसतं चालू ठेवा, रेस करू नका. पातळी खाली जाईल तशी भरत राहा. थर्मोस्टॅट साधारण ऐंशी ते नव्वद डिग्रीच्या दरम्यान उघडतो. तो उघडला की पातळी एकदम खाली जाते आणि गार असलेला खालचा पाइप तापायला लागतो. आता पुन्हा तोंडापर्यंत भरा, आणि कूलंट वर उसळायला लागायच्या आत कॅप लावून टाका. इथून पुढं ती गार होईपर्यंत उघडायची नाही. कॅपचं रबर चिरलेलं असेल तर कॅपही नवी, आकडा जुनीवर होता तोच. काही गाड्यांत हवा काढायला थर्मोस्टॅटजवळ छोटा स्क्रू असतो. तो ढिला करून बुडबुड्याविना धार आली की आवळायचा.

पंखा एक-दोनदा चालू-बंद होईपर्यंत थांबा, हीटरची हवा चांगली गरम येतेय का बघा. थांबून थांबून गार येत असेल तर आत हवा अडकली आहे. बाटली दोन खुणांच्या मध्ये भरा.

मग एक छोटी फेरी. माझ्याकडची गाडी मी पाचगणीच्या अलीकडच्या दांडेघर नाक्यापर्यंत चढवून आणतो, तुमच्याकडं घाट नसेल तर अर्धा तास रहदारीत फिरवा. दुसऱ्या दिवशी सकाळी, गार इंजिनात, कॅप उघडून पातळी बघा आणि पेचाच्या क्लिपा परत एकदा चाचपा. नवं रबर एकदा तापून दबलं की पाव फेरा हमखास मिळतो. पातळी थोडी उतरली असेल तर अडकलेली हवा निघाली, भरून टाका. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही उतरत असेल आणि पाइप सगळे कोरडे असतील, तर वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं तिथं ओल बघा. ओल असेल तर पंपाचं सील गेलंय. तिथंही कोरडं, आणि सकाळी स्टार्ट केल्यावर सायलेन्सरमधून गोड वासाचा पांढरा धूर बराच वेळ येत राहतो, तर हेडखालचं सील, म्हणजे हेड गॅस्केट, गेलंय. गाडी चालवत कुठं जाऊ नका, मिस्त्रीला घरी बोलवा.